कार्टून सिनेमांचं वेड असलेल्या घरानं पहिल्यांदा थीम पार्कला जाताना

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. घरात तुम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा, साडेचार वर्षांची मुलगी आणि सासूबाई. दर शनिवारी रात्री सगळे मिळून ॲनिमेशन सिनेमा बघता, सासूबाईसुद्धा सोफ्याच्या कोपऱ्यातली त्यांची जागा पकडून शेवटपर्यंत बसतात. आता पहिल्यांदाच मोठ्या थीम पार्कला जायचंय. मुलाला रोलर कोस्टर हवेत, मुलीला राजकन्या भेटायला हवी पण ती अंधाराला घाबरते, मिस्टरांचं म्हणणं की जायच्या आधी तेच सिनेमे परत दाखवले तर तिथली मजा जाईल, आणि सासूबाईंना एवढं चालणं झेपेल का ही तुमची काळजी. कुठलं पार्क, किती दिवस, तयारी काय करायची.

मी गेली चौदा वर्षं लोकांच्या फॅमिली ट्रिपा आखून देतोय, त्यातल्या निम्म्याहून जास्त थीम पार्कच्या, आणि स्वतःच्या मुलीला घेऊन जे घोळ घातले ते वेगळेच. म्हणून जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

सुरुवात मिस्टरांच्या मुद्द्यापासून करतो कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. ते चुकतायत. राईडमध्ये सिनेमाची गोष्ट सांगतच नाहीत, गोष्ट तुम्हाला माहितीये असं धरून चालतात. ऐंशी मिनिटांचा सिनेमा तीन मिनिटांच्या राईडमध्ये बसवायचा तर दुसरं करणार काय. ह्यावरून एक खरा किस्सा आहे. १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला डिस्नीलँड उघडलं, तेव्हा तिथे स्नो व्हाईटची राईड होती पण त्या राईडमध्ये स्नो व्हाईटच नव्हती! चेटकीण होती, जंगल होतं, ती नव्हती. कारण बनवणाऱ्यांची कल्पना अशी की गाडीत बसलेला माणूस हाच स्नो व्हाईट, चेटकीण सफरचंद देते ते तुम्हालाच. पीटर पॅनच्या राईडमध्येही तसंच, उडणारे तुम्ही म्हणजे पीटर पॅन तुम्हीच. कल्पना फार सुंदर आहे पण लोकांच्या डोक्यावरून गेली, बाहेर येऊन लोक विचारायचे की अहो ती दिसलीच नाही, आणि शेवटी १९८३ मध्ये तो सगळा भाग नव्याने केला तेव्हा तिचा पुतळा आत बसवला.

हे सांगायचं कारण असं की आजही बऱ्याच राईड त्याच जातीच्या आहेत, सिनेमाच्या आत तुम्हाला नेऊन सोडतात आणि पुढचं तुमच्या डोक्यात असेल तर मजा, नसेल तर नुसत्या रंगीत बाहुल्या हलतायत. साडेचार वर्षांच्या मुलीला वर्षभरापूर्वी पाहिलेला सिनेमा कितीसा आठवणार? म्हणून परत दाखवायचाच. फक्त कसा दाखवायचा ह्यात फरक आहे.

लोक करतात काय तर निघायच्या आधीच्या आठवड्यात रोज एक ह्या हिशोबाने सगळे सिनेमे कोंबतात, मग पोरं पार्कात पोचायच्या आधीच कंटाळलेली. तुमचा शनिवार आहे ना, तोच राहू द्या. आठ शनिवार म्हणजे आठ सिनेमे, बास झालं. आणि सिनेमा परत लावला की गोष्ट आठवेलच, तेव्हा ह्या वेळी गोष्ट सोडून जागा बघायला सांगा. दोन मिनिटांचा एक सीन घ्या, आवाज बंद करा, आणि माणसांकडे बघायचंच नाही असा नियम करा, फक्त मागे काय काढलंय ते बघायचं. भिंती, दिवे, जिना कुठे वळतो, दाराची कडी कशी आहे. माझी मुलगी सात वर्षांची असताना तिने असंच एका राजवाड्याच्या दाराचं कडं बघून ठेवलं होतं, पक्ष्याच्या चोचीसारखं होतं ते. पार्कात गेल्यावर सगळे राजवाड्याकडे बघत फोटो काढतायत आणि ही बाई दारापाशी जाऊन कडं शोधतेय. सापडलं! हुबेहूब नव्हतं पण चोच होती. त्या ट्रिपमधल्या एकाही रोलर कोस्टरचं नाव तिला आज आठवत नाही, ते कडं आठवतं.

ह्याच्यामागे कारण आहे, उगाच मुलांचा खेळ नाही. ह्या राईड ज्यांनी सुरुवातीला बनवल्या ती मंडळी सिनेमातलीच होती. मार्क डेव्हिस हा सिनेमात पात्रांना हलवणारा ॲनिमेटर, त्याने पुढे समुद्री चाच्यांच्या राईडवर काम केलं, ती १९६७ ची. क्लॉड कोट्स हा सिनेमांची बॅकग्राउंड रंगवणारा, तो भुताच्या बंगल्याच्या राईडवर, १९६९. त्या बंगल्यावर दोघंही होते, डेव्हिस म्हणे गमतीदार करूया आणि कोट्स म्हणे भीतीदायक, आणि आत गेलात तर दोन्ही सापडतं, आधी भीती मग गंमत. मेरी ब्लेअर सिनेमांसाठी रंगांची चित्रं करायची, जगातल्या मुलांच्या बाहुल्यांची जी बोटीतली राईड आहे तिचा सगळा रंगीबेरंगी नूर तिचा. म्हणजे बॅकग्राउंड बघणं हीच पार्क बघायची तालीम आहे.

मुलासाठी अजून एक करा. त्याला रोलर कोस्टर हवेत, ठीक आहे, पण नऊ वर्षं हे वय "हे बनवलं कसं" ह्याचं आहे. चिकटवायच्या छोट्या कागदांचं एक पॅड द्या आणि कोपऱ्यात उसळणारा चेंडू काढायला सांगा, पानागणिक एक चित्र. जमिनीला लागताना चेंडू चपटा काढायचा, वर जाताना लांबुळका, आणि अगदी वरच्या टोकाला चित्रं जवळजवळ काढायची म्हणजे तिथे तो रेंगाळतो. पहिल्यांदा तो सगळी चित्रं सारख्या अंतरावर काढेल आणि पानं फरफर उलटल्यावर चेंडू लिफ्टसारखा वर-खाली होईल, मग त्याला आपोआप कळेल कुठे चुकलं. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात, हाताने काढायच्या सिनेमात बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम ठेवतात म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. हे त्याला बारा पानं काढून झाल्यावर सांगा, आधी नको. हात दुखलेला असताना "हा झाला एक सेकंद" हे ऐकण्यात जी गंमत आहे ती नुसत्या माहितीत नाही.

आणि राजवाड्यापाशी गेल्यावर त्याला विचारा की हा किती उंच असेल. ॲनाहाइमचा राजवाडा फक्त ७७ फूट आहे, पण उंच वाटतो कारण वर जाताना दगड, खिडक्या सगळं लहान लहान करत नेलंय, डोळा फसतो. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डचा १८९ फूट आहे, युक्ती तीच. चित्रात लांबचं लहान काढतात तसंच, फक्त सिमेंटमध्ये. माझ्या ओळखीतला एक पोरगा हे कळल्यापासून प्रत्येक पार्कात वरच्या मजल्याच्या खिडक्या खालच्यापेक्षा किती लहान हेच बघत फिरतो, आई वैतागलीये.

आता मुलीची भीती. इथे मी स्वतः माती खाल्लीये. एका मोठ्या पार्कात पन्नास मिनिटं लाईनीत उभे राहिलो, अगदी गाडीपाशी आलो आणि मुलगी, तेव्हा पाच वर्षांची, म्हणाली मला नाही जायचं. मी म्हटलं अगं काही नाही, एवढे उभे राहिलोय, आणि उचलून बसवलं. आत अंधार, मोठा आवाज, ती किंचाळली ती थेट बाहेर येईपर्यंत. ते सोडा, त्यानंतर दिवसभर ती कुठल्याही इमारतीत शिरायला तयार नाही, बाथरूममध्येसुद्धा! दिवस संपला आमचा सकाळी साडेदहाला. तेव्हा पहिला नियम, लाईनीतला वेळ वाया गेला म्हणून मुलाला राईडमध्ये ढकलायचं नाही. बहुतेक राईडना अगदी शेवटपर्यंत बाहेर पडायचा रस्ता असतो, तिथल्या माणसाला सांगितलं की तो हसून सोडतो, त्याच्यासाठी हे रोजचंच आहे.

दुसरं, अंधारातल्या राईड कशा चालतात ते तिला आधी घरी दाखवा. ह्यांना डार्क राईडच म्हणतात. आतलं सगळं काळं रंगवलेलं असतं आणि चित्रं अशा रंगाने रंगवतात जे जांभळट अतिनील दिव्याखाली चमकतात, त्यामुळे चित्र दिसतं आणि भिंत, तारा, मशीन काही दिसत नाही. गाडी सारखी झटकन वळते ती पुढचा सीन आधी दिसू नये म्हणून. घरी चादरीचा तंबू करा, पुठ्ठ्याची चेटकीण कापून आत उभी करा, टॉर्च तिच्याच हातात द्या. टॉर्च तिच्या हातात ही महत्त्वाची गोष्ट आहे, तुमच्या हातात नको. मग तुम्ही आत रांगत जा आणि तिला तुम्हाला घाबरवू दे. आमच्याकडे हा खेळ तीन आठवडे चालला, गुडघे सोलले माझे.

तिसरं, ज्या राईडला तिला न्यायचंय तिचा व्हिडिओ तिला दाखवून ठेवा. बाकीच्यांना दाखवू नका, मुलाची मजा जाईल, मिस्टरांचा मुद्दा इथे मात्र बरोबर आहे. पण घाबरणाऱ्या मुलीला चेटकीण डावीकडून येते की उजवीकडून हे माहिती असलं की तीच आईला सांगते, "आता येणार बघ." भीतीचं रूपांतर शहाणपणा मिरवण्यात होतं. आणि कानावर घालायचे आवाज कमी करणारे हेडफोन न्या, कारण बऱ्याचदा मुलं अंधाराला घाबरतात असं आपल्याला वाटतं पण घाबरलेली असतात आवाजाला. रात्रीच्या आतषबाजीलाही ते लागतील, शिवाय तेव्हा अगदी राजवाड्यासमोर उभं राहायचं नाही, लांबून बघायचं, गर्दी कमी आणि धडधड कमी.

राजकन्येचं तसं सोपं आहे. एक माहिती असू द्या, पार्कात दोन प्रकारची पात्रं भेटतात, चेहरा उघडा असलेली आणि मोठं डोकं घातलेली. राजकन्या पहिल्या प्रकारात, त्या बोलतात, प्रश्न विचारतात. मोठ्या डोक्याचे सहसा बोलत नाहीत, नुसते हातवारे, आणि लहान मुलं त्यांनाच घाबरतात कारण सिनेमात तो उंदीर हाताएवढा असतो आणि इथे बाबापेक्षा मोठा. तिला आधी लांबून हात करू दे, दुसऱ्या मुलांना भेटताना बघू दे. आणि राजकन्येला विचारायला एक प्रश्न घरून ठरवून न्या, सिनेमातलाच, म्हणजे ऐनवेळी पायामागे लपणार नाही. लपली तरी फोटोसाठी ओढू नका.

कुठलं पार्क? तुमच्या घरासाठी मी फ्लोरिडा पहिल्या खेपेला सांगणार नाही. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ चं, आता तिथे चार वेगवेगळी पार्कं आहेत, एकातून दुसऱ्यात जायला बस, बोट नाहीतर मोनोरेल, आणि मला नेहमी असं दिसलंय की तिथे पहिल्यांदा गेलेले लोक सगळं बघायच्या नादात सुट्टी नाही, परीक्षा दिल्यासारखे परत येतात. शेजारीच युनिव्हर्सल ह्या दुसऱ्या कंपनीचं नवं पार्क एपिक युनिव्हर्स मे २०२५ मध्ये उघडलंय, त्यात ड्रॅगनच्या सिनेमाचं अख्खं गाव उभं केलंय, मुलगा त्यासाठी हट्ट धरणार हे गृहीत धरा. पण ते सगळं मुलगी सात-आठची झाल्यावर.

साडेचार वर्षं आणि आजी हे कॉम्बिनेशन असेल तर आटोपशीर पार्क घ्या. ॲनाहाइमला दोन पार्कं समोरासमोर आहेत, चालत इकडून तिकडे. हाँगकाँगचं डिस्नीलँड २००५ चं, लहान आहे, दोन दिवसांत निवांत होतं, आणि नोव्हेंबर २०२३ पासून तिथे फ्रोझनचं गाव आहे, तुमच्या मुलीची राजकन्या त्यातली असेल तर प्रश्नच मिटला. टोकियोला १९८३ चं डिस्नीलँड आणि शेजारी २००१ चं डिस्नीसी, तिथे जून २०२४ मध्ये फ्रोझन, रपंझेल आणि पीटर पॅनचे भाग नव्याने उघडले, देखणं म्हणाल तर माझ्या मते टोकियोचा हात धरणारं दुसरं नाही, पण गर्दी, बापरे. शांघायच्या डिस्नी पार्कात झूटोपिया सिनेमातलं प्राण्यांचं शहर आहे, डिसेंबर २०२३ चं, मुलाला आवडेल.

आणि एक जरा वेगळं सुचवतो. तुमच्या शनिवारच्या यादीत घिबली ह्या जपानी ॲनिमेशन स्टुडिओचे सिनेमे आहेत असं तुम्ही लिहिलंय. जपानला जाणार असाल तर नागोयाजवळ आयची भागात घिबली पार्क आहे, नोव्हेंबर २०२२ मध्ये उघडलं. तिथे रोलर कोस्टर नाही. जंगलातनं चालायचं आणि सिनेमातली घरं सापडतात, तोतोरो सिनेमातल्या दोन बहिणींचं घर तर २००५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं, आत कपाटं उघडून बघता येतात. टोकियोजवळ मिताकाला त्यांचं म्युझियम आहे २००१ चं, तिकीट आधी काढल्याशिवाय प्रवेश नाही, आत फोटो काढू देत नाहीत, आणि हे मला फार आवडतं कारण सगळे मोबाईल खिशात घालून खरंच बघतात. नऊ वर्षांच्या मुलाला आधी वाटेल की हे काय, राईडच नाही. चेंडूची पानं काढलेला मुलगा असेल तर तासाभरानंतरही तिथून हलणार नाही.

युरोपात जाणार असाल तर पॅरिसचं १९९२ चं डिस्नीलँड आहेच, पण नेदरलँड्समधलं एफ्टेलिंग लक्षात ठेवा, १९५२ चं, म्हणजे डिस्नीलँडच्याही आधीचं. सिनेमाचं नाही, परीकथांचं जंगल आहे. तिथे तोंड उघडून कागद मागणारे कचऱ्याचे डबे आहेत, कागद धरला की आत ओढून घेतात आणि आभार मानतात. लहान मुलं दुसऱ्यांनी टाकलेले कागद शोधून आणून त्याला भरवतात, आईबाप नुसते बाकावर बसलेले. ज्याने ही आयडिया काढली त्याला दंडवत.

दिवस किती? एका पार्काला दोन दिवस आणि मध्ये एक दिवस पूर्ण मोकळा, सलग नाही. दिवसाला सहज पंधरा हजार पावलं होतात, साडेचार वर्षांच्या पायांना ती किती होतात विचार करा. स्ट्रोलर सोडला असेल तरी घ्या, बरेच जण "ती आता मोठी झाली" म्हणून नेत नाहीत आणि संध्याकाळी खांद्यावर घेऊन फिरतात.

रोजचं प्लॅनिंग मी असं करायला सांगतो. प्रत्येकाने त्या दिवसाची एकच गोष्ट निवडायची, एकच, जी झाली की दिवस वसूल. पाच माणसं म्हणजे पाच गोष्टी. ह्या पाचांच्या पलीकडे जे होईल ते वरकड. लोक एक्सेल शीट घेऊन येतात माझ्याकडे, सव्वीस राईड वेळेसकट, मी ते बाजूला ठेवतो आणि म्हणतो पाच लिहा. भांडणं होतात तेव्हा घरात, ती ट्रिपच्या आधी झालेली बरी.

त्या पाचांचा क्रम लावताना एक समजून घ्या. लाईन मोठी असते ती राईड फेमस असते म्हणूनच असं नाही, तासाला किती माणसं आत जातात त्यावर असते. भुताच्या बंगल्यासारख्या राईडमध्ये गाड्यांची साखळी चालूच राहते, सरकत्या पट्ट्यावरून चढायचं, त्यामुळे गर्दी पटापट खपते, ती दुपारी केली तरी चालते. पीटर पॅनची उडती जहाजं किंवा गोल फिरणारे हत्ती, ह्यांत एका वेळी थोडेच लोक बसतात, म्हणून ह्या लहान मुलांच्या साध्या राईडची लाईन दुपारी बघून रडू येतं. गेट उघडायच्या अर्धा तास आधी पोचा आणि सगळे रोलर कोस्टरकडे पळत असताना तुमच्यातलं एक माणूस मुलीला घेऊन इकडे जा.

मुलाच्या राईडसाठी दोन सोयी. रायडर स्विच म्हणून असतं, म्हणजे एक पालक मुलाला घेऊन बसतो, दुसरा लहानीपाशी थांबतो, आणि मग दुसऱ्याला परत लाईन न लावता जाता येतं, आणि बऱ्याचदा मोठ्या मुलाला दोन्ही फेऱ्या मिळतात. तुमच्याबरोबर सासूबाई आहेत तरी ही सोय घ्या, त्यांना दर वेळी पोरीला सांभाळत बसवू नका. दुसरी सिंगल रायडरची लाईन, रिकाम्या राहिलेल्या सीटवर एकेकाला बसवतात, लवकर नंबर लागतो पण शेजारी अनोळखी माणूस असतो. डिस्नीच्या अमेरिकेतल्या पार्कांत सात वर्षांखालच्या मुलाबरोबर चौदा किंवा जास्त वयाचं कोणीतरी लागतं, तुमचा मुलगा नऊचा आहे म्हणजे नियमात बसतो, पण त्याला विचारा, सगळ्यांना नाही आवडत.

उंची आजच मोजा दोघांची. मोठ्या राईडना बहुतेक ९७, १०२, ११२, १२२ सेंटिमीटर अशा पायऱ्या असतात आणि तिथे पट्टी घेऊन माणूस उभा असतो, एक सेंटिमीटरसुद्धा सोडत नाही, आणि बरोबरच आहे त्याचं, सीटचा बार त्या मापाचा असतो. लाईनीच्या तोंडाशी मुलाला नाही म्हटलं की जो तमाशा होतो तो टाळायचा असेल तर जी राईड बसत नाही तिचं नाव घरात काढायचंच नाही. स्क्रीनसमोर हलणाऱ्या खुर्च्यांच्या ज्या राईड असतात त्यात बऱ्याच मोठ्यांना मळमळतं, तसं वाटलं तर स्क्रीनवरून नजर काढून शेजारच्या माणसाकडे बघायचं.

पैसे भरून लाईन टाळायची स्कीम घ्यावी का ह्यावर फार वेळ घालवू नका. डिस्नीने १९९९ मध्ये फास्टपास आणला तेव्हा फुकट होता, आता तसली सोय पैशाची आहे आणि नावं-नियम सारखे बदलतात, जायच्या आठवड्यात पार्कच्या ॲपवर बघा. पाचच गोष्टी असतील तर बऱ्याचदा लागत नाही.

दुपारी दोन-अडीचला बाहेर पडा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण म्हणतो एवढे पैसे भरलेत आणि बाहेर कशाला. तीनच्या सुमाराला कुठल्याही पार्कात मधोमध उभे राहा आणि डोळे मिटा, चारी बाजूंनी रडण्याचा आवाज येतो, मस्करी नाही करत. खोलीवर या, झोपा, पाचला परत जा, रात्री राजवाडा दिव्यात बघा.

सकाळी गेटवर दोन्ही मुलांचा फोटो काढा, फोटोजेनिक म्हणून नव्हे, त्या दिवशी कुठला शर्ट घातलाय ते हरवल्यावर आठवत नाही म्हणून. मनगटाला तुमचा फोन नंबर. आणि मुलीला शिकवा की हरवली तर छातीवर नावाचा बिल्ला असलेल्या माणसाकडे जायचं, पार्कातल्या सगळ्या कामवाल्या मंडळींना तो असतो. घरी एक बिल्ला करून खेळ खेळा म्हणजे तिला नेमकं काय शोधायचं ते कळेल. आणि जिथे आहे तिथेच थांबायचं, आपल्याला शोधत पळायचं नाही.

राहिल्या सासूबाई. झेपेल. व्हीलचेअर पार्कात भाड्याने मिळते, आणि "मी काय आजारी आहे का" असं त्या म्हणणारच, तेव्हा सकाळी घेऊन ठेवा आणि बॅगा ठेवायला घेतली म्हणा, अकरापर्यंत त्या स्वतःहून बसतात, माझा अनुभव आहे. डिस्नीलँडला पार्काभोवती फिरणारी आगगाडी आहे, बोटीतल्या राईड आहेत, एसीत बसून बघायचे शो आहेत. त्यांचा दिवस रिकामा नाही जाणार.

वॉल्ट डिस्ने स्वतः सांगायचा की पार्कची कल्पना त्याला एका बाकावर बसून सुचली. मुली लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये चक्रीवर बसल्या होत्या आणि हा बाजूला नुसता बसून, तेव्हा वाटलं की मोठ्यांनी आणि लहानांनी मिळून मजा करायची जागा हवी. मी इतकी वर्षं बघतोय, घरातलं एक माणूस त्या बाकावरच राहतं, पिशव्या धरून, आणि ते बहुतेक वेळा आजी असते. तुमचा प्रश्न परत वाचला मी. मुलाला काय आवडतं ते आहे, मुलीला काय, मिस्टरांचं मत आहे, तुमच्या शंका आहेत. सासूबाईंबद्दल फक्त चालणं. येत्या शनिवारी सिनेमा संपला की त्यांना विचारा, एवढ्या सगळ्या सिनेमांतला त्यांचा कुठला, आणि ते पाचात एक नंबरला लिहा. पार्क कुठलं ते मग मला कळवा, मी दिवस लावून देतो.